एक पोर कमी

दुसरीच्या बाईंचा आवाज एके काळी असा खणखणीत होता की त्यांनी वर्गात "गप्प" म्हटलं की फाटकाबाहेर भाजीवाल्याशी घासाघीस करणारी गिऱ्हाइकंसुद्धा गप्प बसायची. ते दिवस गेले. आता दुपारनंतर त्यांच्या घशातून नुसती हवा यायची आणि पोरं हातवाऱ्यांवरून काय ते समजून घ्यायची. शेवटी नवऱ्याने हाताला धरून त्यांना घशाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी घशात आरसा घालून बराच वेळ आत पाहिलं. मग विचारलं, "वर्गात पोरं किती?"

"ऐंशीला एक कमी."

"एका बाईला?" डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. "अहो, आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात तुमच्या. बोलणं निम्म्यावर आणलंत तर बसतील. नाही आणलंत तर पुढच्या वर्षी माझ्याकडे याल तेव्हा कागदावर लिहून दाखवावं लागेल काय होतंय ते."

निम्मं बोलायचं तर पोरं निम्मी हवीत. पोरं निम्मी व्हायची तर शाळेला आणखी एक शिक्षक हवा. दुसरीच्या पोरालाही सुटेल असं हे गणित होतं, फक्त शिक्षण खात्याच्या कार्यालयाला सुटत नव्हतं. बाईंचा नवरा शिंपी. तो घरी आल्यावर मशीनवर बसता बसता म्हणाला, "सोड नोकरी. मला काजं-बटणं करायला माणूस हवाच आहे."

"आयुष्य गेलं पोरांना शिकवण्यात. आता बटणं लावू होय तुझी?"

"बटणं बरी. त्यांना ओरडावं लागत नाही."

बाईंना हसू आलं, आणि हसताना घसा इतका दुखला की डोळ्यांत पाणी आलं. शाळा सुटली तर आपलं काय उरेल, हा विचार त्यांना खरोखर सोसत नव्हता.

आता त्या वर्गाबद्दल सांगायला हवं. शाळेची मागची बाजू धोकादायक ठरवून कुलूप लावल्यापासून दुसरी आणि तिसरी एकाच लांबलचक हॉलमध्ये भरत होत्या. खिडकीकडच्या भिंतीवर बाईंचा फळा, दाराकडच्या भिंतीवर तिसरीच्या सरांचा. दुसरीची पोरं खिडकीकडे तोंड करून बसायची, तिसरीची दाराकडे. मध्ये ना पडदा ना कपाट. सर पाढे घ्यायला लागले की बाईंची कविता त्यात बुडून जायची, आणि बाईंची कविता रंगात आली की तिसरीतली पोरं सात नव्वे किती ते विसरून चालीवर माना डोलवायची.

पहिल्याच महिन्यात दोघांचं कडाडून वाजलं होतं. बाईंनी तिसरीतल्या एकाचा कान धरला, सरांनी दुसरीतल्या दोघांना बाहेर उभं केलं, आणि प्रकरण "माझ्या पोरांना बोलणारे तुम्ही कोण" इथपर्यंत गेलं. हेडसरांनी चहा पाजून समेट घडवला. तह असा ठरला की ज्याने त्याने आपल्या पोरांचं बघायचं, दुसऱ्याच्या पोराकडे ढुंकूनही पाहायचं नाही. हा तह दोघांनीही इमानेइतबारे पाळला. इतका पाळायला नको होता, पण शहाणी माणसं एकदा हट्टाला पेटली की त्यांना कोण सांगणार.

एवढ्या पोरांची नावं पुकारायची तर पहिला तास त्यातच जाणार. म्हणून दोन्ही वर्गांत प्रत्येक ओळीला एक नायक नेमलेला होता. नायकाने उठून आपल्या ओळीतलं आज कोण आलं नाही तेवढं सांगायचं, वह्याही त्यानेच तपासायच्या. बाईंना नायकांची नावं तोंडपाठ होती, आणि वात्रट कार्ट्यांची. मधल्या मध्ये जी शहाणी, मुकाट पोरं होती ती म्हणजे "ए निळा सदरा", "ए दोन वेण्या", "ए खिडकीतल्या". याची बाईंना लाज वाटायची. आधी फार वाटायची, मग सवय झाली.

दोन्ही वर्गांच्या पाठी जिथे एकमेकींना भिडायच्या तिथे एक जुना बाक होता, एक पाय आखूड असलेला, खाली विटेचा तुकडा घातलेला. त्याच्यावर एक मुलगी बसायची. पोरं तिला "मधली" म्हणायची. मधली तिसरीतली, म्हणजे सरांची, पण कविता लागली की बाकावरून पाय पलीकडे टाकून खिडकीकडे तोंड करायची आणि ओठ हलवत सगळी म्हणायची. बाईंना ते आवडायचं. दुसऱ्याच्या वर्गातलं पोर आपल्या कवितेला भुलतं म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही. एकदा बाईंचा घसा पार बसला, तेव्हा या मुलीने कुणी न सांगता त्यांची बाटली पाण्याने भरून टेबलावर आणून ठेवली. त्या दिवशी घरी जाऊन बाई म्हणाल्या, "सरांची ती एक पोरगी फार गुणी आहे रे. आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही."

डॉक्टरांनी तंबी दिल्यावर बाई आणि सर यांनी मिळून तिसऱ्या शिक्षकासाठी अर्ज केला. तह झाल्यापासून पहिल्यांदाच दोघं एका कागदावर आले. कार्यालयाचा नियम सरळ होता. दोन वर्गांत मिळून एकशेसाठ पोरं झाली तर तिसरा शिक्षक मिळणार. बाईंची एकोणऐंशी, सरांची ऐंशी. उत्तर आलं: एक विद्यार्थी कमी असल्याने मागणीचा विचार करता येत नाही.

सरांनी ते दोनदा वाचलं. "एका पोरासाठी?"

"आणखी दहा कमी असती तर मला एवढं लागलं नसतं," बाई कुजबुजल्या. कुजबुजणंच आता त्यांना परवडत होतं.

हेडसर म्हणाले, "नंतर बघू." हेडसर प्रत्येक गोष्टीला नंतर बघू म्हणायचे. गळक्या नळाला, तुटलेल्या फाटकाला, बाईंच्या घशाला. माणूस वाईट नव्हता. चार माणसांचं काम एकटा करत होता आणि त्यातली तीन माणसांची कामं नेहमी उद्यावर असायची.

मग बाई आणि सर शाळा सुटल्यावर गल्ल्या धुंडाळायला लागले. एक पोर हवं होतं. वयाने बसणारं, शाळेत न जाणारं, एकच. लाँड्रीवाला म्हणाला, "माझं आहे की, पण सहा महिन्यांचं आहे. नाव लिहून ठेवा, वाढेल." एका बाईने आपला दहावी नापास दीर पुढे केला. बेकरीच्या मागच्या चाळीत एक मावशी खोक्यांना लेबलं चिकटवत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "माझ्या बहिणीची पोर येते की तुमच्याच शाळेत."

"हो का? छान," बाई म्हणाल्या आणि पुढच्या दाराशी गेल्या. येणारी पोरं त्यांना नकोच होती. त्यांना न येणारं एक हवं होतं.

आठवडाभर पायपीट झाली. एक पोर मिळालं नाही. त्या परिसरातली झाडून सगळी पोरं शाळेत जात होती, आणि ही एरवी किती आनंदाची गोष्ट असती. बाई मात्र रोज संध्याकाळी मीठपाण्याच्या गुळण्या करताना मनातल्या मनात त्या सगळ्या आयांवर चिडायच्या. मग आपण कशावर चिडतो आहोत हे लक्षात येऊन स्वतःवर चिडायच्या.

शेवटी सरांनी कार्यालयाला चांगलं झणझणीत पत्र लिहिलं, की एकदा स्वतः येऊन बघा, एका हॉलमध्ये आम्ही काय करतो ते. पत्राने काम केलं. एक साहेब यायचं ठरलं. ते समक्ष पोरं मोजणार आणि भरली तर जागच्या जागी मंजुरी लिहून देणार, नाही भरली तर या वर्षीचा विषय संपला.

"भरायची कशी?" सरांनी विचारलं. "एकाची दोन थोडीच होणार?"

"साहेबाला हॉल दाखवू," बाई म्हणाल्या. "त्याला कान असतील तर एक पोर सोडून देईल."

साहेब आले ते बुटके, घामाघूम, हातात पेन घेऊनच गाडीतून उतरले. हॉल पाहायला ते आत गेलेच नाहीत. "आत कोंदट आहे. अंगणात घ्या पोरं. दोन रांगा करा, वर्गाप्रमाणे." नायकांनी आपापल्या ओळी बाहेर आणल्या. खिडकीकडचे एका बाजूला, दाराकडचे दुसऱ्या. साहेब प्रत्येक पोराच्या डोक्याला पेनाचं टोक लावत चालले. पोरांना गुदगुल्या झाल्या. बाईंचे ओठ त्यांच्याबरोबर मोजत होते. शेवटच्या डोक्यावर पेन टेकलं आणि साहेब थांबले.

"एकशेएकोणसाठ," साहेब म्हणाले.

"साहेब, एका पोराने काय..." सरांनी सुरुवात केली.

"सर, आज तुम्हाला एक सोडलं तर उद्या कुणाला दोन सोडावी लागतील. नियम मी केलेला नाही." ते रागाने बोलले नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडायचीही सोय राहिली नाही. हेडसर त्यांना चहाला घेऊन गेले.

बाई हॉलमध्ये परत आल्या. पोरं अजून अंगणातच होती. त्यांना फक्त आपली पाण्याची बाटली घेऊन घटकाभर भिंतीला टेकायचं होतं. संपलं, एवढंच त्यांच्या मनात होतं. बटणं तर बटणं.

आणि मधल्या बाकावर ती मुलगी बसलेली होती. हाताची घडी घालून, ना इकडे तोंड ना तिकडे.

"तू इथे काय करतेस?" बाईंचा घसा खरखरला. "रांगेत का नाही आलीस?"

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? सरांच्या."

"मी सरांच्यातली नाहीये."

बाईंना वाटलं पोरगी रुसली आहे. "बरं, मग कुणाच्यातली?"

मुलीने खांदे उडवले. "तिकडचा नायक म्हणतो, तू आमच्या ओळीत नाहीस. तुमच्या मागच्या ओळीची नायक पण तेच म्हणते. ओळ बाहेर गेली की मी इथेच बसते. बाहेर गेलं की ढकलतात."

बाईंनी दारातून सरांना हाक मारायचा प्रयत्न केला. आवाज निघेना. त्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा सर आले.

"ही तुमची ना?" बाईंनी विचारलं.

सरांनी मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "थट्टा करताय का? बाई, ही तुमची. पाढे लागले की माझ्याकडे तोंड करून बसते. मी म्हटलं बाईंच्या वर्गातली पोरगी गणितात हुशार आहे, आपण कशाला बोला. आपलं ठरलंय ना."

बाहेर पोरांचा गलका चालला होता. बाईंनी जवळचा बाक धरला.

"तू कधीपासून येतेस इथे?" सरांनी विचारलं. त्यांचा स्वर एकदम मवाळ झाला होता.

"शाळा उघडली तेव्हापासून. आधी गावच्या शाळेत होते. मावशीने आणून सोडलं. हेडसर म्हणाले आत जाऊन बस, नंतर बघू."

"आणि इथे? या बाकावर तुला कुणी बसवलं?"

मुलीने बाईंकडे बोट केलं. "बाईंनी." मग त्यांच्याकडेच वळून म्हणाली, "तुम्ही फळ्यावर लिहीत होता. मी विचारलं कुठे बसू, तर तुम्ही म्हणालात, बस तिथे मध्ये आत्तापुरती."

बाईंना यातलं काहीएक आठवत नव्हतं. त्यांनी डोकं खाजवून खाजवून तो दिवस शोधला. दिवसाला शंभर वेळा कुणी ना कुणी विचारत असतं, कुठे बसू, कुठे ठेवू, जाऊ का. दिवसाला शंभर वेळा त्या न बघता हात करत असतात. असल्या एका हाताने एक जितंजागतं पोर वर्षभर त्या बाकावर ठेवलं होतं.

"आणि चाचणी? परीक्षा?"

"पेपर संपायचे माझ्यापर्यंत येईतो. मग मी पाटीवर सोडवायची. दोन्ही सोडवायची." हे सांगताना तिला जरा अभिमान वाटत असावा, कारण तिने घडी सोडून पाटी पुढे केली. एका बाजूला दुसरीची कविता होती, दुसऱ्या बाजूला तिसरीचे भागाकार. भागाकार बरोबर होते.

सरांनी तोंडावरून हात फिरवला. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा इतका विचित्र झाला की ते हसताहेत की रडताहेत ते बाईंना कळेना. "बाई," ते म्हणाले, "एकशेसाठ."

आठवडाभर आपण दारोदार हिंडलो. मनातल्या मनात आयांना शिव्या घातल्या. बेकरीमागच्या त्या मावशीला छान म्हणून आलो. आणि हे पोर इथे, माझ्या बाटलीत पाणी भरत होतं. बाईंना भडभडून आलं. पण रडायला वेळ नव्हता, अंगणात साहेबांच्या गाडीचा दरवाजा वाजला होता. त्यांनी मुलीचं मनगट धरलं आणि धावत सुटल्या. असं त्या कित्येक वर्षांत धावल्या नव्हत्या.

साहेबांचा एक पाय गाडीत होता. बाईंना धाप लागल्यामुळे सरांनीच सांगितलं, की एक मुलगी आत राहिली होती, आता भरली संख्या. साहेबांनी मुलीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मळका फ्रॉक, हातात पाटी.

"सर, मी या खात्यात म्हातारा झालो," ते म्हणाले. "चहा पिऊन होईपर्यंत उगवलेली पोरं मी पुष्कळ पाहिलीत. कुणी शेजारच्या दुकानातनं आणतं, कुणी रस्त्यावरनं. एका शाळेत तर मला हेडमास्तरचा पुतण्या तीन वर्गांत भेटला."

"ही वर्षभर आमच्या वर्गात आहे," बाई म्हणाल्या. जेमतेम ऐकू गेलं.

"तुमच्या वर्गात?"

"माझ्या."

"मग तिला विचारू नका. तुम्ही सांगा. नाव काय हिचं?"

बाईंनी मुलीकडे पाहिलं. कपाळावर एक जुना व्रण होता, पुढचा एक दात पडलेला होता. हे सगळं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. वर्षभर त्या एका छपराखाली होत्या आणि त्यांच्याकडे या मुलीचं 'मधली' एवढंच होतं. साहेब पेन हातात धरून वाट पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत तिरस्कार नव्हता, नुसता कंटाळा होता, आणि तो कंटाळा हळूहळू खात्रीत बदलत होता.

बाईंनी तोंडाला आलं ते नाव ठोकून दिलं. ते त्यांच्या नणंदेचं होतं. का ते विचारू नका, सकाळीच तिच्याशी फोनवर खटका उडाला होता, म्हणून ते जिभेवर असेल.

"काय गं," साहेब मुलीकडे वाकले, "हेच नाव तुझं?"

मुलीने बाईंकडे पाहिलं, मग सरांकडे, मग साहेबांच्या पेनाकडे. "हो," ती म्हणाली.

"बाई कुठला विषय घेतात?"

"भाषा. आणि सर गणित," मुलगी म्हणाली, आणि कुणी न विचारता अख्खी कविता म्हणून दाखवली, चालीसकट. पाठोपाठ सतराचा पाढा. साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी बोनेटवर कागद ठेवून नाव लिहिलं, खाली संख्या लिहिली, सही केली. "मंजूर. बाकीचा तपशील उद्या पाठवा. आणि हेडसर, नावाबिवात फरक निघाला तर मी बनावट विद्यार्थी धरून सगळंच रद्द करीन, आधीच सांगून ठेवतो."

गाडी गेली. सरांनी हेडसरांना मिठीच मारली. बाई तिथेच उभ्या होत्या आणि त्यांच्या मनात एक वेडी आशा आली. कोण जाणे, खरंच ते तिचं नाव असेल. कधीतरी कानावर पडलं असेल, आतल्या आत राहिलं असेल, वेळेला वर आलं असेल. इतकी काही मी वाईट नाही.

त्या मुलीजवळ खाली बसल्या. "माझ्या बरोबर लक्षात होतं ना गं नाव?"

"ते माझं नाव नाहीये, बाई."

"मग तू हो का म्हणालीस?"

"तुम्ही म्हणालात ना."

"अगं, पण..."

"माझ्या नावाची जागा नव्हती," मुलगी समजावणीच्या सुरात म्हणाली, जसं एखाद्या ढ पोराला नायक समजावतो. "या नावाची झाली. त्यांनी लिहिली. आता मी रांगेत जाऊ शकते. मावशीला सांगीन मी, मला आता या नावाने हाक मार."

मुलगी रडत नव्हती, कुरकुरत नव्हती. तिने सौदा केला होता आणि तिला तो फायद्याचा वाटत होता. सात-आठ वर्षांच्या पोरीला बसायला एक बाक हवा म्हणून तिने आपलं नाव काढून दिलं, आणि मागितलं होतं कुणी, तर मी.

सर जवळ आले होते, त्यांनी ऐकलं. थोडा वेळ ते पायाने माती उकरत राहिले. "बाई," ते हळूच म्हणाले, "कागदावर राहू दे ते नाव. कागदावरचं काय एवढं. तिसरा शिक्षक येईल, हिच्याकडे बघायला कुणीतरी असेल. तुमचा घसा राहील. हिचं भलंच आहे यात."

हेडसर म्हणाले, "हो, हो. नावाचं नंतर बघू."

"नंतर नाही," बाई म्हणाल्या. "नंतर नंतर करूनच ही त्या बाकावर राहिली. फोन लावा साहेबांना."

"बाई, तुम्हाला वेड लागलंय का? ते रद्द करतील. ऐकलंत ना? मग ही पोरं, तुमचा आवाज..."

"लावा फोन."

सर मध्ये पडले नाहीत. हेडसरांनी एकदा बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. बाईंच्या मनात भीती होती, ती लपवण्यात अर्थ नाही. डॉक्टर आठवले, मशीनपाशी पडलेला बटणांचा डबा आठवला. रांगा मोडून पोरं भोवती गोळा झाली होती. त्यांतल्या निम्म्या तोंडांना आपल्याकडे नाव नाही हे त्यांना त्या क्षणी जाणवलं. फोन वाजत होता. बाईंनी मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या तोंडाशी कान नेला. मुलीने नाव सांगितलं. बाईंनी पुन्हा विचारलं, वडिलांचं, आडनाव, सगळं. तिने सगळं सांगितलं, सावकाश, प्रत्येक अक्षर नीट उच्चारून.

"बोला," पलीकडून साहेबांचा आवाज आला. गाडीचा घरघराट होता मागे.

"साहेब, दुसरीच्या बाई बोलते. मघाशी मी सांगितलेलं नाव खोटं आहे. पोरगी खरी आहे. ती वर्षभर माझ्या खोलीत बसते, पण मला तिचं नाव माहीत नव्हतं."

मग साहेब म्हणाले, "खोलीत वर्षभर, आणि नाव माहीत नाही?"

"नव्हतं माहीत. ऐंशी पोरं आहेत, साहेब. त्याच्यासाठीच तुम्हाला बोलावलं होतं."

"तुमचं बोलणं तुटतंय, नीट ऐकू येत नाही," साहेब म्हणाले. "खरं नाव काय मग? मोठ्याने सांगा."

बाईंनी घशात जेवढा आवाज उरला होता तेवढा सगळा गोळा केला आणि ते नाव पूर्ण उच्चारलं. फाटकापर्यंत गेलं ते. पोरांचा गलका थांबला.

शेजारी उभी असलेली मुलगी ताठ झाली. आधीच्या शाळेत करत असेल तसा तिने हात वर केला आणि म्हणाली, "हजर, बाई."